व्हीटी१०० चालू, पण काच आंधळी: जुन्या टर्मिनलचं चित्र आजच्या स्क्रीनवर कसं आणलं

आधी वस्तू काय ते सांगतो. डीईसी कंपनीचं व्हीटी१००, १९७८ मध्ये बाजारात आलेलं टर्मिनल. हा कॉम्प्युटर नव्हे हां, कॉम्प्युटर म्हणजे पीडीपी-११ नाहीतर व्हॅक्स, तो दुसऱ्या खोलीत एसीत असायचा आणि हे टेबलावर, मधे सिरीयल केबल. आत ८०८० प्रोसेसर आहे पण त्याचं काम एवढंच, आलेली अक्षरं पडद्यावर काढायची आणि दाबलेली बटणं तिकडे पाठवायची. आज आपण लिनक्सवर काळी खिडकी उघडतो आणि त्यात कर्सर इकडून तिकडे उडी मारतो, अक्षरं ठळक होतात, त्यामागचे कोड बरेचसे या मशीनमुळे रूढ झाले. म्हणून ते चालू हालतीत हाताला लागणं ही माझ्यासाठी फार मोठी गोष्ट होती.

मालक म्हणजे कुडचड्याचे एक काका, खाण कंपनीच्या ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर खात्यात आयुष्य काढलेले. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, पुढे ऑफिस आवरताना हे भंगारात निघालं, काकांना बघवलं नाही, त्यांनी घरी आणलं आणि चादर गुंडाळून ठेवलं. त्यांची भाची फोंड्याला हायर सेकंडरीत शिकवते. तिचं म्हणणं, शाळेच्या प्रदर्शनात मुलांनी खऱ्या कीबोर्डवर टाइप करावं आणि समोर मोठ्या टीव्हीवर ते दिसावं. मी फोंड्यातच टीव्ही-मॉनिटर रिपेअर करतो म्हणून दोघं माझ्याकडे आली, आणि काकांचं पहिलं वाक्य, "बाबा रे, इम्युलेटर वगैरे नको हां, चित्र याच्याच पोटातून यायला हवं." इम्युलेटर म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर.

आता आजार काय होता. ट्यूब पेटत होती पण वाचता येत नव्हतं. पडद्याच्या कडेपासून आतपर्यंत पांढरट-तपकिरी ठिपके, बुरशी धरल्यासारखे, आणि पुसून जात नव्हते कारण ते बाहेर नाहीतच. या ट्यूबच्या तोंडावर सुरक्षेसाठी आणखी एक काच चिकटवलेली असते, दोघींच्या मधे पीव्हीए गोंदाचा पातळ थर, तो वयाने आणि दमटपणाने फुटतो, सुटतो, त्यात पोकळ्या होतात. जगभर व्हीटी१०० ला हा रोग आहे, मग गोव्यात चार महिने भिंतीसुद्धा घाम गाळतात तिथे तो होणारच. यावर इलाज आहे, ट्यूब काढून, गरम करून वरची काच सोडवायची, गोंद खरवडायचा, काच परत बसवायची. पण आत निर्वात पोकळी असलेली जुनी ट्यूब, तिच्या काचेशी प्रदर्शनाची तारीख डोक्यावर घेऊन खेळायचं नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. काच नंतर. आधी चित्र बाहेर काढू.

चालू करायच्या आधी झाकण काढून आत बघितलं, मोठे कपॅसिटर फुगलेत का, कुठे गळलंय का, सप्लायचा व्होल्टेज सिलेक्टर २३० वर आहे ना, कनेक्टर काढून घालून साफ केले, आणि पहिल्यांदा सिरीज बल्ब लावूनच, म्हणजे मधे बल्ब जोडून करंटला लगाम घालून, करंट दिला. ज्यांनी घरी असं काही करायचं मनात आणलंय त्यांनी ट्यूबच्या बाजूची लाल जाड वायर आणि तिची रबरी टोपी याला हात लावू नये, बंद केल्यावरही तिथे कित्येक हजार व्होल्ट बसून असतात. कीबोर्डची पिन बघून भाचीला गंमत वाटली, गिटारला असते तीच पाव इंची जॅक पिन, डीईसीने कीबोर्डला तीच वापरलीय. ती घातली, सेल्फ टेस्ट पास झाली, बीप वाजला, कीबोर्डवरचे दिवे नीट आले. लोकल मोडला, म्हणजे कॉम्प्युटरशिवाय एकट्याने चालण्याला, टाकून टाइप केलं तर ठिपक्यांच्या फटीतून अक्षरं दिसत होती. म्हणजे बोर्ड ठणठणीत. आजार फक्त काचेचा.

मागे दोन बीएनसी सॉकेट, म्हणजे व्हिडिओ केबलची पिन फिरवून अडकवायची गोल सॉकेट आहेत, जे८ आणि जे९. जे८ इनपुट, जे९ आउटपुट. आपल्याला जे९. आणि इथेच सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे, कारण लोक सॉकेट बघतात आणि सरळ बाजारात कन्व्हर्टर शोधायला पळतात, तिथून काय सिग्नल येतोय हे कोणी विचारत नाही. मी म्हणतो आधी दोनच प्रश्न. लाइन फ्रीक्वेन्सी किती, म्हणजे सेकंदाला किती आडव्या लाइनी काढल्या जातात? आणि त्यात रंग आहे का?

व्हीटी१०० चं उत्तर: लाइन फ्रीक्वेन्सी साधारण १५.७ किलोहर्ट्झ, म्हणजे जुन्या अमेरिकन टीव्हीचीच. एकाच तारेत चित्र आणि सिंक (लाइन आणि चित्र कुठे सुरू होतं ते सांगणारी खूण), साधारण एक व्होल्टचा सिग्नल, ७५ ओहम. आणि रंग अजिबात नाही. आजचा कॉम्प्युटर मॉनिटर साधारण ३० किलोहर्ट्झच्या खाली ऐकतच नाही, म्हणून बीएनसी-ते-व्हीजीए अशी नुसती केबल बनवून काही होणार नाही, कितीही चांगली सोल्डरिंग केली तरी. सगळी टर्मिनलं अशी नसतात हे पण लक्षात ठेवा. आयबीएमच्या जुन्या एमडीए मॉनिटरची लाइन १८.४ किलोहर्ट्झ, तो ना टीव्हीत बसतो ना व्हीजीएत, आणि डीईसीचंच पुढचं व्हीटी५२५ घेतलंत तर त्याला थेट व्हीजीए मॉनिटर लागतो, त्यात काही प्रश्नच नाही.

केबल आणि बीएनसी-ते-आरसीए पिन मडगावला सीसीटीव्हीवाल्याकडे मिळाली. अॅनालॉग सीसीटीव्हीचा सगळा संसार ७५ ओहम आणि बीएनसीवरच चालायचा, त्यामुळे आरजी५९ कोअॅक्स केबल, पिना, स्प्लिटर अॅम्प्लिफायर हे सगळं त्यांच्याकडे पडलेलं असतं, परदेशातून काही मागवायची गरज नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण बरीच माणसं इथेच अडकतात.

पहिला उपाय सगळेच करतात तो. छोटा एव्ही-ते-एचडीएमआय डबा, पिवळ्या सॉकेटात केबल, दुसरीकडून टीव्ही. चित्र आलं! काकांच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि मग ते वाचायला पुढे वाकले आणि हसू गेलं. मोठी अक्षरं कळत होती पण 'एम' आणि 'डब्ल्यू' नुसते धुरकट ठोकळे, काही उभ्या रेघांना निळसर-तांबूस कडा, आणि अक्षरांच्या आडव्या रेघा सतत थरथरत होत्या. थोडा वेळ बघितलं की डोळे दुखायला लागायचे.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. ८० कॉलम, दर अक्षराला १० ठिपके रुंदी, म्हणजे एका लाइनीत ८०० ठिपके. हे ठिपके १६.०५ मेगाहर्ट्झने बाहेर पडतात, म्हणजे सगळे ८०० मिळून ५० मायक्रोसेकंदांपेक्षा किंचित कमी वेळात संपतात. तो डबा टीव्हीच्या ठरलेल्या १३.५ मेगाहर्ट्झने मोजतो. तेवढ्या वेळात त्याची मोजणी होते साधारण ६७३. आता ८०० ठिपके ६७३ खान्यांत कसे बसवणार? काही ठिपके एकमेकांत मिसळणारच. वर आणखी एक. पिवळ्या सॉकेटातून आलेला सिग्नल रंगीत असणार असं धरून डबा ३.५८ किंवा ४.४३ मेगाहर्ट्झच्या आसपासचा भाग रंग म्हणून बाजूला काढतो, आणि अक्षरांच्या बारीक कडा नेमक्या त्याच भागात असतात. चांगल्या टीव्हीला रंगाचा बर्स्ट, म्हणजे रंग असल्याची खूण, दिसला नाही की तो रंग बंद करतो, पण तरी गाळणी तशीच राहते आणि बारकावा गाळून टाकते. आणि थरथर? व्हीटी१०० मुळात २४० लाइनी दर वेळेला त्याच जागी काढतं, डबा समजतो की ही इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक लाइनी घेऊन दोन फेऱ्यांत काढलेल्या, ४८० ची अर्धी अर्धी चित्रं (फील्ड) आहेत, म्हणून एकदा वर एकदा अर्धी लाइन खाली असं दाखवतो.

डीईसीच्या इंजिनियरांनी एक शहाणपणा केलेला आहे तो इथे आपल्याला वाचवतो. एकटा ठिपका ट्यूबवर अंधुक पडतो, इलेक्ट्रॉनचा झोत तेवढ्यात पूर्ण पेटत नाही. म्हणून हार्डवेअर प्रत्येक ठिपका उजवीकडे एकाने ताणून देतं, त्यामुळे कुठलीच उभी रेघ एका ठिपक्याची नसते, कमीत कमी दोनाची. म्हणून ६७३ खान्यांतही अक्षर अगदी मरत नाही. इम्युलेटरच्या फॉन्टमध्ये बहुतेक वेळा हे ताणणं नसतं आणि म्हणून ती अक्षरं किडकिडीत दिसतात. काका इम्युलेटर नको म्हणत होते त्यात हा अर्थ होता, त्यांना कारण माहीत नव्हतं पण डोळ्याला फरक माहीत होता.

दुसरा उपाय फुकटचा, आणि हाच मला सगळ्यांना सांगायचाय. सिग्नलमध्ये रंग नाही ना? मग तो कॉम्पोझिट म्हणून, म्हणजे उजेड, रंग, सिंक सगळं एका तारेत घेणाऱ्या पिवळ्या सॉकेटातून, द्यायचाच कशाला. कॉम्पोनंट इनपुटला तीन सॉकेट असतात, हिरवं, निळं, लाल, त्यातलं हिरवं म्हणजे वाय, वाय म्हणजे उजेड अधिक सिंक. एकरंगी कॉम्पोझिट म्हणजे तरी दुसरं काय, उजेड अधिक सिंक! तर तीच केबल डब्याच्या पिवळ्यातून काढून थेट टीव्हीच्या हिरव्यात घातली, निळं-लाल रिकामं, टीव्हीच्या मेनूत कॉम्पोनंट निवडलं. करड्या-पांढऱ्यात स्वच्छ चित्र. रंगीत कडा गेल्या, गाळणी गेली, 'एम' चे पाय वेगळे झाले. शाळेच्या टीव्हीला हिरवं आणि पिवळं मिळून एकच सॉकेट होतं, अशा टीव्हीत मेनूतून कॉम्पोनंट निवडणं विसरू नका, नाहीतर तुम्ही परत कॉम्पोझिटच बघत बसाल आणि म्हणाल काही फरक नाही.

थरथर मात्र राहिली होती. ती टर्मिनलच्या सेट-अपमधून घालवली. सेट-अप बटण, मग ५ दाबून सेट-अप बी, तिथे खाली शून्य-एकचे चार गट दिसतात. तिसऱ्या गटातला शेवटचा आकडा इंटरलेस. बाणाने तिथे जायचं, ६ दाबून १ करायचा, शिफ्ट-एस दाबून सेव्ह. आता टर्मिनल स्वतःच खरं ४८० लाइनींचं इंटरलेस्ड चित्र पाठवतं, टीव्हीची समजूत आणि खरी परिस्थिती जुळते, स्थिर मजकुरावर टीव्ही दोन्ही फील्ड नीट एकात एक बसवतो. ट्यूबवर हेच सेटिंग थोडं लुकलुकतं म्हणून लोक ते बंद ठेवतात, पण आपली ट्यूब तशीही कोणी बघणार नव्हतं. एवढ्यावर प्रदर्शनाचं काम झालं असतं, आणि तुमच्याकडे कॉम्पोनंटवाला टीव्ही असेल तर तुम्हीही इथेच थांबा, पैसे वाचवा.

पण काकांना घरी टेबलावर कॉम्प्युटर मॉनिटरवर हवं होतं, त्याला फक्त एचडीएमआय आणि डीव्हीआय. पर्वरीचा एक ओळखीचा मुलगा जुन्या व्हिडिओ गेमच्या नादातला, त्याच्याकडे ओएसएससी नावाचा लाइन डबलर, म्हणजे प्रत्येक लाइन दोनदा काढून जुना सिग्नल आजच्या मॉनिटरला चालेल असा करणारा डबा होता, तो त्याने आणून दिला. या यंत्राला कॉम्पोझिट इनपुट नाहीच, पण कॉम्पोनंट आहे, म्हणजे आपली हिरव्या सॉकेटाची युक्ती इथेही लागू. केबल एव्ही२ च्या हिरव्यात.

आता यात गंमत अशी की एका लाइनीत किती वेळा मोजायचं हा आकडा ओएसएससी तुम्हाला बदलू देतं. आपोआप धरतं ८५८, टीव्हीचा हिशोब. आपला हिशोब वेगळा. व्हीटी१०० चा क्रिस्टल २४.०७३४ मेगाहर्ट्झ, ८० कॉलमला त्याच्या दोन-तृतीयांश चालतो, त्याला लाइन फ्रीक्वेन्सीने भागलं की बरोबर १०२० येतं, म्हणजे दिसणारी न दिसणारी मिळून १०२ अक्षरांची जागा. १३२ कॉलमला अक्षर ९ ठिपक्यांचं, तिथे हाच आकडा १५३०. सॅम्पल रेट १०२० केला. अक्षरं एकदम रेखीव झाली, फक्त काही ठिकाणी कडेला हलकी चरचर, मग सॅम्पलिंग फेज, म्हणजे ठिपक्याच्या नेमक्या कुठल्या क्षणी मोजायचं ते, एकेक पायरी सरकवत गेलो, आणि एका पायरीवर चरचर गेली. प्रत्येक ठिपका आपापल्या खान्यात. चष्मा कपाळावर ढकलून काका मॉनिटरला नाक लावून 'जी' अक्षराची शेपटी बघत होते, ठिपके मोजत. "बरें जालें," एवढंच म्हणाले, आणि मग बराच वेळ नुसते टाइप करत राहिले.

इथे दोन गोष्टी टीव्हीच्या उलट कराव्या लागल्या. एक, इंटरलेस परत शून्य, कारण ओएसएससीला २४० लाइनी सरळ सरळ मिळाल्या तर तो प्रत्येक लाइन दुप्पट करून ४८० बनवतो, थरथरीचा प्रश्नच येत नाही. दोन, पॉवर सेटिंग. चौथ्या गटातला शेवटचा आकडा, शून्य म्हणजे ६० हर्ट्झ, एक म्हणजे ५०. आपल्याकडे मेन्स, म्हणजे घरची वीज, ५० हर्ट्झची म्हणून ऑफिसात कोणीतरी ते ५० वर ठेवलं होतं आणि ट्यूबसाठी ते बरोबरच, मेन्स आणि रिफ्रेश जुळले नाहीत की ट्यूबवरचं चित्र हलकं डुलतं. भारतातला टीव्ही ५० खुशाल घेतो. पण कॉम्प्युटर मॉनिटर बरेचसे ५० ला 'आउट ऑफ रेंज' म्हणून हात वर करतात, काकांच्यानेही केलं. एलसीडीला मेन्सशी देणंघेणं नाही, तेव्हा ६० करून टाकलं आणि चित्र आलं. भारतातल्या मशीनवर कोणी हे करत असेल तर हे सगळ्यात आधी तपासा, कन्व्हर्टर खराब म्हणून परत करण्याआधी. आणि ६० करूनही सगळे मॉनिटर हा विचित्र मोड घेत नाहीत, माझ्या दुकानातल्या एकाने घेतला नाही, काकांच्याने घेतला. ओएसएससी विकत घ्यायच्या आधी आपल्या मॉनिटरवर लावून बघायला मिळालं तर बघाच.

चित्राच्या आकाराबद्दल पण सांगतो. ट्यूबवर मजकुराचा भाग साधारण २०२ बाय ११५ मिलिमीटर, त्यात आडवे ८०० आणि उभ्या २४० लाइनी, म्हणजे एक ठिपका रुंदीच्या जवळजवळ दुप्पट उंच. म्हणून लाइनी दुप्पट करून ८०० बाय ४८० केलं की प्रमाण बरंचसं बरोबर येतं. वाइड मॉनिटरवर पूर्ण स्क्रीन भरायचा मोह होतो, अक्षरं बसकी दिसतात, तो मोह टाळा, काळ्या पट्ट्या राहू देत.

गेमवाल्या मुलाने जीबीएस बोर्डचंही, म्हणजे जुना व्हिडिओ व्हीजीएत बदलणाऱ्या दुसऱ्या एका बोर्डचंही, विचारलं होतं. तोही चालतो, त्याच्या कॉम्पोनंट इनपुटला वाय द्यायचं, व्हीजीए बाहेर मिळतं, स्वस्त आहे, पण मूळ फर्मवेअरवर तो २४० ला इंटरलेस्डच समजतो, म्हणजे तीच थरथर. जीबीएस-कंट्रोल नावाचं फर्मवेअर घातलं की सुधारतो. आणि कोणी आरजीबी इनपुटच्या फक्त हिरव्या तारेला सिग्नल देऊन हिरवी अक्षरं आली म्हणून खूश होत असेल तर खुशाल व्हा, पण व्हीटी१०० ची ट्यूब पांढरी होती. पांढरं हवं म्हणून तीन तारा एकत्र जोडू नका, तिन्हीकडे ७५ ओहम असतात, सिग्नल दबतो. तीच गोष्ट टी-पिन लावून टीव्ही आणि मॉनिटर दोन्ही एकदम चालवायची, दोन्हीकडे चित्र फिकं पडणार. सीसीटीव्हीवाल्याचा व्हिडिओ डिस्ट्रिब्युशन अॅम्प्लिफायर लावा, प्रदर्शनात आम्ही तोच लावला.

कॉम्प्युटरच्या बाजूचं थोडक्यात. मागे २५ पिनांचं आरएस-२३२, त्याला क्रॉस केबल, मग यूएसबी-सिरीयल अॅडॉप्टर, लिनक्स लॅपटॉपवर त्या पोर्टला लॉगिन चालू केलं, टर्मिनलचा प्रकार व्हीटी१००, वेग ९६००, एक्सऑन-एक्सऑफ चालू, कारण स्मूथ स्क्रोल ठेवलं तर टर्मिनल मागे पडतं आणि त्याला 'थांब' म्हणता यायला हवं. भाषा साध्या आस्कीवर, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं-आकड्यांवर ठेवा, नाहीतर यूटीएफचा (आजच्या सर्वभाषिक अक्षर-कोडचा) कचरा पडद्यावर येतो. मुलांनी लगेच विचारलं की नाव मराठीत का येत नाही. याच्या पोटात तेवढी अक्षरंच नाहीत, देवनागरी दाखवणारी टर्मिनलं पुढे पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट नावाने काढली. भाचीने त्यावरच मुलांना वेगळा तास घेतला.

प्रदर्शनात टीव्हीवर वायवाली जोडणी चालवली, टीव्हीपर्यंत आरजी५९ ची लांब केबल फिरवली, चित्रात काही फरक पडला नाही. घरी ओएसएससीवाली जोडणी. सेट-अपचे दोन आकडे कुठल्या जोडणीला काय हवेत ते कागदावर लिहून टर्मिनलच्या बाजूला चिकटवलंय. काच सोडवायचं काम आता पाऊस संपल्यावर घेणार, ट्यूब सुकवायला कोरडी हवा लागते.